उपरण्याखालचा सौदा

आदिलाबादच्या कापूस बाजारात उत्तमराव दलाल म्हणून जे गृहस्थ होते, ते मूळचे तलमडुगूचे. अंगाने काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, खांद्यावर घडी घातलेले पांढरे उपरणे आणि गालात सदा एक लवंग. बास्केटबॉलचा चेंडू त्यांनी उभ्या जन्मात एकदाही कडीतून घातला नाही. तरी परगावच्या माणसाने बास्केटबॉलवाले कुठे राहतात असे विचारले, की लोक त्यांच्याच घराकडे बोट दाखवत.

हा खेळ आमच्या गावात आला तो फौजेबरोबर. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर एक तुकडी काही महिने गावाबाहेर तंबू ठोकून होती. शिपायांनी जमीन चोपून मैदान केले, दोन लाकडी खांब पुरले, त्यांवर फळ्या आणि लोखंडी कड्या ठोकल्या. संध्याकाळी ते खेळत आणि बाजारातून परतणारे उत्तमराव कडेला उभे राहून पाहत. तंबू उठले, खांब मात्र राहिले. खांब मोकळे उभे आहेत हे उत्तमरावांना सहन होईना. त्यांनी पोरे जमवायला सुरुवात केली.

माणूस पारखायची त्यांची रीत कापसाचीच होती. कापसाचा पुंजका जसा बोटांत धरून धागा ओढून पाहतात, तसे ते पोराला हात लांब करायला लावत, मनगट दाबत, बोटांची पेरे चाचपत. मग म्हणत, "धागा आखूड हाय, पण चिवट हाय. उद्यापासून ये."

नियमांसाठी ते माझ्याकडे येत. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तिथे मदर आम्हा मुलींना हा खेळ शिकवत असत. माझे यजमान सुधाकरराव इथे वकिली करत, म्हणून उत्तमराव मला वकिलीणबाई म्हणत. ओट्यावर बसून मी वाटाणे सोलायची आणि अंगणात उभी राहून ती दांडगी पोरे विचारायची, "बाई, चेंडू घेऊन किती पावलं चालते?" मी सांगितले की उत्तमराव पोरांकडे वळून म्हणत, "ऐकलं न? बाईचं म्हणणं म्हणजे हायकोर्ट."

संघात सहाजण होते. यशवंतराव दवाखान्यात कंपाउंडर होता आणि तोच कप्तान. चंपत सरकी काढायच्या जिनिंगमध्ये फिटर. पांडुरंग किराणा दुकानदाराचा मुलगा. लक्ष्मणराव शाळामास्तर, किनवटकडचा. भगवंतराव बोथच्या तहसील कचेरीत कारकून, तो शनिवारी मिळेल त्या मोटारीने यायचा. आणि महिपत.

महिपत गावाबाहेरच्या मळ्यातला. बाप लहानपणीच गेलेला. आई बयनाबाई बाजारात भाजी घेऊन बसायची आणि महिपत पहाटे मोटेवर असायचा. उंच, सावळा, बोलणे जवळजवळ नाहीच. त्याचे मनगट दाबले त्या दिवशी उत्तमराव काहीच बोलले नव्हते. फक्त गालातली लवंग थुंकून नवीन घातली होती. महिपतच्या हातातून चेंडू सुटला की तो कडीत गेला की नाही हे पोरे पाहतही नसत. ती परत धावू लागत. त्याच्या जिवावर हा संघ चार वर्षे जिल्ह्यात पहिला किंवा दुसरा येत होता.

छप्पन साली राज्ये नव्याने आखली गेली. आमचा जिल्हा आंध्रात गेला आणि किनवटकडचा भाग तुटून मुंबई राज्यात. सरकारी नोकरांची वाटणी झाली. लक्ष्मणराव मास्तर आपल्या गावाकडे गेला. भगवंतरावाची नेमणूक नांदेडला निघाली. स्टेशनवर त्याला निरोप द्यायला उत्तमराव गेले होते. गाडी हलली तेव्हा भगवंतराव खिडकीतून म्हणाला, "काका, मले चुकून तिकडं टाकलं. मी दरख्वास्त देतो." उत्तमराव म्हणाले, "दे न बाप्पा. ती दरख्वास्तही आता तिकडच्याच फायलीत जाईन."

राहिले चार. नियमाप्रमाणे सामना सुरू करायला पाच गडी लागतात. चार गडी मैदानात आले तर ते आलेच नाहीत असे धरतात. पाचवा म्हणून उत्तमरावांनी कोणाकोणाला आणले नाही? पण कापसाचे दिवस होते, शेतकऱ्यांची पोरे वेचणीत. बाकीच्यांत अर्ध्यांचे बाप इथे राहायचे की पलीकडे जायचे याच विचारात. जो येई तो एखादा सामना खेळे आणि पुन्हा दिसत नसे. कारण संघ हरायचाच. समोरच्यांना कळले होते, की तीन माणसे महिपतला चिकटवली की काम झाले. महिपतने चेंडू द्यावा तर घेणारा कोणी नसे.

त्यातच कचेरीत नवे अधिकारी आले. मैदानाची जागा सरकारी होती आणि तिथे धान्याचे गोदाम बांधायचा विचार निघाला. सुधाकरराव उत्तमरावांना घेऊन भेटायला गेले. अधिकारी सभ्य होते. त्यांनी सांगितले, तुमचा संघ संक्रांतीच्या जिल्हा स्पर्धेत उतरला तर मैदान चालू आहे असे मी लिहीन. नाही उतरला, तर मोकळी जागा अडवून ठेवायला माझ्याकडे कारण नाही.

 परतताना आमच्या ओट्याशी आल्यावर उत्तमराव म्हणाले, "वकीलसाहेब, मले लेकरूबाळ नाई. लोकं म्हणते याले खूळ लागलं. लागलं त लागलं. पण ते खांब उपटताना मले पाह्यता येणार नाई."

डिसेंबरात ते चौघांना आणि एका उसन्या पोराला घेऊन मंचेरियलला गेले. तिथे कोळसा खाणीतल्या कामगारांचा संघ होता. सामना सपाटून हरले. सामना संपल्यावर त्या संघाचा कारभारी राजलिंगम त्यांना चहाला घेऊन गेला. राजलिंगम तेलुगू, पण त्याचे मामा आमच्याच बाजारात कापसाचे अडते, त्यामुळे तो उत्तमरावांना ओळखत होता.

तो म्हणाला, "दलालसाब, वो लंबा लडका हमको दे दो. उसको खान में नोकरी लगाता मैं."

उत्तमराव म्हणाले, "और मैं क्या खांबों को खेलाऊँ?"

"मेरे पास लडके बहुत हैं. बाहर बैठे रहते. ले जाओ."

कापूस बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि घेणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणे टाकत आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरवत. बघणाऱ्यांना नुसते उपरणे हललेले दिसे. शेवटी मूठ दाबली की सौदा पक्का. त्याचा कागद नसे, साक्षीदार नसे, आणि म्हणूनच तो मोडायचा नसे. ज्याने मोडला त्याच्या उपरण्याखाली पुन्हा कोणी हात देत नसे. मालकाला बोलावून त्याच्याशी बोलत बसायची रीत नव्हती. दलालाचा शब्द हाच मालकाचा शब्द.

चहाच्या टेबलावर उत्तमरावांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि दोघांच्या हातांवर टाकले. त्यांनी दोन बोटे दाबली. राजलिंगमने एक दाबले. उत्तमरावांनी परत दोन दाबली आणि हात काढून घेणार असे दाखवले. राजलिंगम हसला, आणि त्याने मूठ दाबली. एका महिपतला दोन गडी. ओदेलू आणि पोशम अशी त्यांची नावे. दोघांना कापसाच्या हंगामापुरते काम उत्तमराव जिनिंगमध्ये देणार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर त्यांनी हे सांगितले. यशवंतराव, चंपत आणि पांडुरंग होते. महिपत मळ्यात पाणी धरायला गेला होता.

"चारातून एक गेला, दोन आले. पाच झाले," उत्तमराव म्हणाले. "मैदान वाचते."

चंपत ताडकन उठला. "काका, महिपत गेल्यावर मैदान ठेवून त्यात काय पेरायचं?"

"तू खाली बस. आता तुमी हरूनच राह्यले न?"

"हरतो, पण लोकं पाह्यले तरी येते. ते त्याले पाह्यले येते. मले पाह्यले माही बायकोबी येत नाई."

"तिले घरी दिसते ते पुरे होते," पांडुरंग म्हणाला. चंपतसुद्धा हसला, पण उभाच राहिला.

यशवंतराव मात्र गंभीर होता. तो म्हणाला, "काका बराबर बोलून राह्यले. एकटा महिपत किती वर्षं वढणार? त्याचा गुडघा मी रोज बांधतो. तीन तीन जणं त्याच्या अंगावर पडते. एक दिवस तो बसला की मग आपल्याजवळ तोबी नाई अन् हे दोघंबी नाई. आज त्याचे दोन भेटून राह्यले. उद्या एकबी भेटणार नाई."

"मनजे बैल लंगडायच्या आधी इकून टाका," चंपत म्हणाला.

"तसं म्हण."

सुधाकररावांनी वकिलासारखा प्रश्न काढला. ते दोघे इथे टिकतील कशावरून? हंगाम संपला की जिनिंग बंद, मग ते परत जातील. महिपत तर परत येणार नाही. मग मैदान एका संक्रांतीपुरते वाचले, आणि पुढच्या संक्रांतीला तीनच उरले.

 उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिले. "बाई, चौघांत सुरू नाई करता येत?"

"नाही," मी म्हटले. "सुरू करताना पाच हवेत."

"मदरबाईनं असा कसा नियम केला?"

"नियम मदरने नाही केला."

"कोणीबी केला असन, त्याच्या गावात माणसं जास्त असतीन."

रात्र पडेपर्यंत हेच चालले. चंपत म्हणे नको, यशवंतराव म्हणे द्या, पांडुरंग ज्याचे शेवटचे ऐके त्याच्यासारखे बोले. जाताना उत्तमरावांनी सांगितले की विचार करायचा प्रश्नच नाही, मूठ दाबून झाली आहे. हे ऐकल्यावर चंपत ओट्यावरून उतरला. चपला घालून निघून गेला.

त्यानंतरचे दिवस उत्तमरावांचे वाईट गेले. त्यांची पत्नी रेणुकाबाई मला सांगत होत्या, की जेवताना घास हातात धरून बसतात. संध्याकाळी ते मैदानावर जायचे. महिपतला कोणी काही सांगितले नव्हते, असेच सगळे समजत होते. तो नेहमीसारखा यायचा, सदरा खांबाच्या खुंटीला अडकवायचा आणि एकटाच चेंडू टाकत राहायचा. उत्तमराव मैदानाच्या टोकाला उकिडवे बसून बघायचे. एकदा मी आणि सुधाकरराव तिकडून जात होतो. उत्तमराव आम्हाला म्हणाले, "मी याचं मनगट दाबलं तवा हा एवढाक होता. वकीलसाहेब, कापूस इकताना असं होत नाई हो."

सुधाकरराव म्हणाले, "मग मोडा."

"मोडू कसा? मूठ दाबली न."

"मग द्या."

"तेबी होऊन नाई राह्यलं."

शेवटी एका पहाटे ते मंचेरियलच्या मोटारीत बसले. राजलिंगमच्या दारात उभे राहून त्यांनी सांगितले, "मैं हात पलटता हूँ. लडका नहीं देता." राजलिंगम चिडला नाही. त्याने एवढेच विचारले, "सोच लिया, दलालसाब? मामाजी पूछेंगे तो मैं झूठ नहीं बोलूँगा." उत्तमराव म्हणाले, झूठ मत बोलो.

राजलिंगम खोटे बोलला नाही. त्या आठवड्यात बाजारात तलमडुगूकडच्या गाड्या आल्या, तेव्हा उत्तमरावांनी नेहमीच्या व्यापाऱ्यासमोर बसून उपरणे पसरले. व्यापाऱ्याने हात मांडीवरच ठेवला आणि नमस्कार करून म्हणाला, "आज राहू द्या." दुसऱ्यानेही तेच केले. तिसऱ्याकडे ते गेले नाहीत. शेतकऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या दलालाकडे वळल्या. तीस वर्षे ज्या गादीवर त्यांचा हात चालला, तिथे ते दुपारपर्यंत बसून घरी आले.

पण घरी आले ते ताठ मानेने. चौघांना मैदानावर बोलावून म्हणाले, "पोरंहो, सौदा मोडला. महिपत कुठं जात नाई. पाचवा कोठून आणायचा ते मी पाह्यतो. माहं जे जायचं ते गेलं." चंपतने त्यांचे पाय धरले. यशवंतरावाने तोंड फिरवले. महिपत खांबाला टेकून उभा होता. त्याने सदरा खुंटीवरून काढला, अंगात घातला आणि खेळल्याविनाच मळ्याकडे निघाला. उत्तमरावांना वाटले, पोरगे गहिवरले.

चार दिवसांनी सकाळी मी रेणुकाबाईंकडे गेले होते. स्पर्धेच्या नियमांचे पत्रक इंग्रजीत आले होते, ते वाचून दाखवायचे होते. उत्तमराव ओसरीवर बसले होते. तेवढ्यात बयनाबाई आली. भाजीची टोपली डोक्यावर तशीच. ती तिने ओसरीवर आदळली.

"दलाल, माह्या पोराचा सौदा तुमी केला का?"

उत्तमराव हसले. "बयनाबाई, बस. तुह्यावाल्या कानावर आलं वाटते. अवं मोडला म्या तो. काळजी नोको करू."

"काऊन मोडला?"

उत्तमरावांना कळेना. "मोडला म्हणजे... महिपत इथंच राह्यते न आता."

"इथं राहून काय करते? मोट हाकते. माही कंबर गेली, मळ्याची हीर आटली. तिकडं खाणीत महिन्याच्या महिन्याले पगार, राह्यले खोली. माह्या पोराचं नशीब दारापाशी आलं अन् तुमी त्याले बाहेरच्या बाहेर वाटेले लावलं. कोणाले इचारलं?"

"पण मी... बाजारातला हात गेला माहा, बयनाबाई. त्याच्यासाठी."

"त्यानं सांगितलं होतं का, माह्यासाठी हात घालवा म्हणून?" बयनाबाई खाली बसली. तिचा आवाज उतरला. "मी दहा वांगे इकतो त गिऱ्हाईक मले इचारते, बाई किडके त नाई न. तुमी माहं पोरगं इकलं, मले नाई इचारलं. मंग नाई इकलं, तेबी नाई इचारलं. दलाल, तुमी चांगले माणूस हा. पण एवढं इचाराले काय पडलं होतं?"

रेणुकाबाईंनी तिला पाणी दिले. ती प्यायली नाही. तांब्या हातात धरून बसली.

उत्तमरावांनी महिपतला बोलावून घेतले. तो आला आणि अंगणातच उभा राहिला. उत्तमरावांनी विचारले, "तुले जायचं होतं?"

महिपत जमिनीकडे पाहत राहिला. आई म्हणाली, "बोल न बाप्पा. आता त तोंड उघड."

"मले मंचेरियलातच समजलं होतं, काका," तो म्हणाला. "त्यांच्या गड्यांनी सांगितलं. मी वाट पाहून राह्यलो होतो, तुमी कवा इचारान म्हणून."

"अन् इचारलं असतं त?"

"हो म्हटलं असतं. पण संक्रांत खेळून जातो म्हटलं असतं. त्यायले तसं सांगा म्हटलं असतं."

 विचारले असते तर महिपतही सुखाने गेला असता आणि ओदेलू-पोशमही आले असते. मैदान राहिले असते, बाजारातला हात राहिला असता. मला हे तेव्हाच्या तेव्हा दिसले, मग उत्तमरावांना तर दिसलेच असणार.

"मी परत जातो राजलिंगमकडं," शेवटी ते म्हणाले. "पाय धरतो."

"नोको काका," महिपत म्हणाला. "मी सोताच निरोप धाडला. आज जवाब आला, ते म्हणते ये. पण आताच ये, संक्रांतीच्या आधी. अन् बदल्यात देणं-घेणं काही नाई म्हणते. तुमीच हात पलटवला न."

तो दोन दिवसांनी गेला. मोटार अड्ड्यावर बयनाबाईने भाकरी बांधून दिल्या, चंपतने त्याची पेटी वर टाकली. उत्तमराव आले होते, पण लांब उभे होते. महिपत त्यांच्याकडे गेला आणि वाकला. त्यांनी सवयीने त्याचे मनगट धरले, आणि लगेच सोडले.

त्या संध्याकाळी तिघेच मैदानावर जमले. आम्हीही गेलो होतो, कारण स्पर्धेत नाव द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि अर्जावर सुधाकररावांची सही हवी होती. यशवंतराव म्हणाला की दोन पोरे भाड्याने आणू, खांबासारखी उभी करू. सुधाकररावही तयार होते. सगळे उत्तमरावांकडे पाहू लागले, ते आता कोणाला पकडून आणायचे ते सांगतील म्हणून.

उत्तमराव जमिनीवर बसले होते. त्यांनी पांडुरंगाला हाक मारली. "पांडुरंग, तुले खेळायचं हाय का?"

पांडुरंग गोंधळला. "म्हणजे काय काका? खेळून त राह्यलो."

"मी म्हणतो म्हणून नाई. तुले सोताले."

पांडुरंगाने इकडेतिकडे पाहिले. मग म्हणाला, "बाबा दुकान नागपूरले हलवते म्हणते. मी तुमाले सांगणारच होतो. नाई काका."

"बरं," उत्तमराव म्हणाले. "यशवंता, तू?"

यशवंतराव कप्तान होता. त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. "तुमी इचारलं म्हणून सांगतो. मी थकलो. दर सामन्याले लोकं हासते. पण तुमी म्हटलं त मी येतो, हे तुमाले माहीत हाय."

"मी म्हणत नाई," उत्तमराव म्हणाले. "चंपत?"

"मी राह्यतो," चंपत चटकन म्हणाला. "मले इचारू नोका, मी राह्यतो."

उत्तमरावांनी मान हलवली. सुधाकररावांच्या हातातला अर्ज त्यांनी मागून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. नाव द्यायचे नाही, खांब उपटू द्या, एवढे म्हणाले. चंपत त्यांच्याशी भांडू लागला, तेव्हा त्यांनी त्याला शेजारी बसवले. यशवंतराव चेंडू घेऊन उभा होता. तो तसाच त्याने बगलेत धरला, आणि आम्ही सगळे अंधार होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.